प्रोसेसर मुंबईचा, हवा मिऱ्याची

कोविड सरला, गावोगावची नमनाची लोकनाट्यं, पालख्या, लग्नं पुन्हा दणक्यात सुरू झाली आणि माझ्या भाच्याने शूटिंगचा धंदा मनावर घेतला. कॅमेरा त्याने सेकंडहँड मिळवला, सोनीचा, चांगला. अडत होतं ते एडिटिंगपाशी. फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की त्याचा लॅपटॉप आचके द्यायचा, म्हणून तो शहरात दुसऱ्याच्या स्टुडिओत तासावर पैसे भरून बसायचा. २०२३ च्या जानेवारीत, शिमगा आणि लग्नसराई तोंडावर आलेली असताना, त्याने ठरवलं की घरीच डेस्कटॉप जोडायचा. घर म्हणजे माझ्या बहिणीचं, रत्नागिरीजवळ मिऱ्याला. पडवीत बसलं की समुद्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागतं.

मला बोलावलं, कारण मी रामआळीजवळ बरीच वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं आणि त्यातली मशीनं स्वतःच उघडली-मिटली. भाचा म्हणाला, “मामा, तू फक्त प्रोसेसर कुठला घ्यायचा ते सांग. बाकीचं मी बघतो.”

“प्रोसेसर तू बघ,” मी म्हटलं. “बाकीचं मी बघतो.”

त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय.

आमच्या वेळी प्रोसेसर म्हणजेच कॉम्प्युटर होता हे खरं. दुकानात येणारं गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर देण्याआधी विचारायचं, “पेंटियम आहे ना?” १९९३ साली बाजारात आलेल्या पेंटियममागे विनोद धाम हा माणूस होता आणि त्याचा जन्म पुण्याचा, हे कळल्यावर तर आम्ही त्याच्याबद्दल शेजारच्या वाड्यातल्या मुलासारखं बोलायचो. पेंटियम टूवरून थ्रीवर गेलं की पेजमेकरची पानं सरकताना फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा. आता त्या किमतीच्या पट्ट्यात काहीही उचललं तरी काम होतं. भाच्याने वहीत तीन नावं काढून आणली होती: रायझन ५ ५६००, रायझन ५ ५६००जी आणि इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ. तिघांनाही सहा कोअर, बारा थ्रेड. तिघांच्याही खोक्यावर ६५ वॉट. त्यांच्यावर यूट्यूबवाल्यांनी तासन् तास काथ्याकूट केला आहे आणि भाच्याने तो सगळा पाहिला होता. त्याचा कल ‘एफ’कडे. कारण उघड होतं, बिनएफच्या १२४०० पेक्षा तो दोनेक हजारांनी स्वस्त पडत होता, आणि ते दोन हजार पुढेमागे ग्राफिक्स कार्डात घालता आले असते.

इथे मात्र मी अडलो. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. खेळ खेळणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, तो कार्ड लावणारच असतो. पण भाच्याचं दुखणं निराळं होतं. मी त्याच्या कॅमेऱ्याचा मेन्यू उघडायला लावला. एच.२६५, १० बिट, ४:२:२. म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट साठवायची. नमनाला हेच लागतं. रात्री दोन वाजता लाल-निळ्या एलईडीच्या झोतात काळ्या कपड्यांतला संकासुर नाचत असतो, गवळणींच्या साड्यांची जर चमकत असते, आणि रंगाची माहिती कमी पडली की लाल कडा फुटल्यासारख्या दिसतात. पण या प्रकारचं फुटेज उलगडणं प्रोसेसरच्या कोअरना जड जातं. त्यासाठी चिपवर वेगळी जागा राखलेली असावी लागते. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये, क्विक सिंक म्हणतात त्या भागात, एच.२६५ चं ४:२:२ उलगडायची सोय आहे. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, पण ही सोय नाही. एनव्हिडियाच्या कार्डांतसुद्धा ती तेव्हा नव्हती, थेट २०२५ साली ५० मालिकेची कार्डं निघाली तेव्हा आली. म्हणजे आम्ही बघत होतो त्या वेळी एनव्हिडियाचं तीस हजारांचं कार्ड लावूनही जे झालं नसतं, ते बिनएफच्या प्रोसेसरमधली ती दोनेक हजारांत मिळणारी, लोक जिला हसतात ती ग्राफिक्स चिप करणार होती.

“हे कुणी सांगितलंच नाही,” भाचा म्हणाला.

सांगणारे बहुतेक खेळ खेळणारे असतात. त्यांनी नमन कशाला एडिट केलेलं असेल?

प्रोसेसरचा प्रश्न एवढ्यावर मिटला. बाकीचं मी बघणार होतो, ते आता सुरू झालं.

मुंबईला जायचं की नाही यावर घरात चर्चा झाली. बहिणीचं म्हणणं, सगळं इथेच घ्या, काही झालं तर दुकानदाराच्या पायरीवर जाऊन बसता येतं. तिचं अर्धं बरोबर होतं. प्रोसेसर सहसा मरत नाही. रॅमही नाही. मरतो तो मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. म्हणून वाटणी केली. जे मरत नाही आणि महाग आहे ते लॅमिंग्टन रोडवरून आणायचं, जे मरू शकतं ते रत्नागिरीत घ्यायचं, दोन पैसे जास्त गेले तरी. बोर्ड मुंबईत सहाशे-सातशे रुपयांनी स्वस्त मिळत होता, पण तो बिघडला तर ग्रँट रोडला उतरून कुणापुढे उभं राहायचं? इथला दुकानदार निदान ओळख दाखवतो आणि बोर्ड सर्व्हिस सेंटरला स्वतः पाठवतो.

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर टॅक्सीवाला तुमच्याकडे बघत राहील. तिथे भाव चिठ्ठीवर लिहून देतात आणि तुम्ही दुसऱ्या दुकानात जाऊन येईपर्यंत ती चिठ्ठी शिळी होते. एका ठिकाणी प्रोसेसर हजाराने स्वस्त सांगितला. मी खोकं मागितलं तर म्हणाले, ट्रे पीस आहे. ट्रे पीस म्हणजे कंपन्यांना ठोक जाणारा माल, त्याला इंटेलची तीन वर्षांची थेट वॉरंटी नसते आणि सोबत पंखाही नसतो. आम्ही सीलबंद खोकं घेतलं, बिलासकट. डीडीआर-४ ची सोळा-सोळा जीबीची जोडी घेतली. बत्तीसची एकच पट्टी स्वस्त पडली असती, पण आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्याला दोन्ही वाटा खुल्या हव्यात. एक टीबीची एनव्हीएमई घेतली आणि रात्रीची कोकणकन्या धरली. मशीनच्या निम्म्या किमतीचा ऐवज माझ्या खांद्यावरच्या पिशवीत मावला होता आणि भाचा रात्रभर पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून झोपला.

रत्नागिरीत एसएमपीएस घेताना मात्र दुकानदाराला मी कंटाळा आणला. ८० प्लस ब्राँझ लिहिलेले तीन डबे त्याने पुढे ठेवले, साडेपाचशे वॉटचे, भाव जवळपास सारखा. मी तिन्ही बाहेर काढून कुशीवरचं लेबल वाचत बसलो. वॉट सगळे वाचतात. वरच्या ओळीत बारीक अक्षरांत इनपुट लिहिलेलं असतं. दोघांवर २०० ते २४० व्होल्ट होतं, एकावर १०० ते २४०. मिऱ्याला उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, फ्रीज आणि हल्ली एसी चालू झाले की मीटरवर एकशे ऐंशी, कधी एकशे सत्तर दिसतं. ट्यूब फडफडते. २०० ते २४० वाला त्या वेळी मान टाकणार, १०० ते २४० वाल्याला काही पत्ताही लागणार नाही. दुकानदाराने आपणहून तो डबा पुन्हा हातात घेऊन वाचला. म्हणाला, “काका, एवढी वर्षं विकतोय, हे बघितलं नव्हतं.”

कॅबिनेटवरून भांडण झालं. भाच्याला समोरून जाळीचं, बाजूला काच आणि आत चार रंगीत पंखे असलेलं हवं होतं. लावून दाखवलं तेव्हा गणपतीच्या मखरासारखं दिसलं. दिसायला मला हरकत नव्हती. हरकत होती जाळीला. आमची घरं जांभ्याच्या चिऱ्याची. गिलावा केलेला असो नसो, तांबूस धूळ कुठून ना कुठून झडतेच. डीटीपीच्या मशीनचे पंखे मी काढायचो तेव्हा पात्यांवर विटकरी थर असायचा. इतर शहरांत धूळ नुसती धूळ असते, ब्रशने झटकली की गेली. इथे तिच्यात खारी हवा मुरते आणि पावसाळ्यात तो थर ओला होतो. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, हे शाळेतलं विज्ञान मदरबोर्डच्या बारीक पायांमध्ये घडतं. खाऱ्या हवेची ताकद बघायला मिऱ्याच्या माणसाला लांब जावं लागत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज इथे किनाऱ्याला लागलं ते वर्षानुवर्षं तिथेच सडत पडलं. पोलादाची ती गत, मग तांब्याच्या केसाएवढ्या तारेचं काय!

तोडगा असा काढला की कॅबिनेट त्याच्या आवडीचं, पण आतून बारीक जाळीचे फिल्टर, आणि पंख्यांची मांडणी माझी. पुढून दोन आत फुंकणारे, मागून एकच बाहेर टाकणारा. आत हवेचा दाब थोडा जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर येते, धूळ आत ओढली जात नाही. जी येते ती फिल्टरमधून, आणि फिल्टर धुता येतो. चौथा पंखा मी खोक्यात परत ठेवला. भाचा दोन दिवस त्या खोक्याकडे बघत होता.

जोडणी भाच्याने केली, मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. परदेशातले व्हिडिओ बघून त्याने स्थिर विजेपासून बचाव म्हणून मनगटाला बांधायचा पट्टा मागवला होता. कोरड्या थंडीच्या देशात ते ठीक. समुद्राकाठच्या दमट हवेत स्थिर वीज साठायला जागाच फारशी नसते. इथे शत्रू घाम. मी त्याच्या कपाळाला फडकं बांधलं आणि कोपरापर्यंत हात पुसायला लावले. सॉकेट उघडलं, आत सतराशे बारीक सोनेरी पिना एका दिशेला वाकलेल्या. एएमडीच्या एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, वाकली तर ब्लेडने सरळ तरी करता येते. इथे त्या बोर्डात. घामाचा थेंब पडला किंवा बोट लागलं तर बोर्डच गेला. त्रिकोणाची खूण जुळवून त्याने प्रोसेसर वरून अलगद सोडला. मग तरफ दाबायची. ती दाबताना कर्रर्र असा आवाज येतो, काहीतरी मोडल्यासारखा, आणि वरची काळी टोपी टणकन उडते. भाच्याने तरफ अर्ध्यावर सोडून माझ्याकडे पाहिलं. “दाब,” मी म्हटलं, “तो आवाज येतोच.” स्वयंपाकघरातून बहीण विचारत होती काय फुटलं.

मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं. पण कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या. टेस्टर लावला तर मंद पेटला. भाच्याला वाटलं एसएमपीएस खराब. एसएमपीएस उत्तम होता. त्याच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून थोडा करंट पत्र्यावर सोडतात आणि अर्थिंगने तो जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन नुसती शोभेची निघाली. वायर होती, ती घराच्या मागे एका गंजलेल्या सळीला बांधलेली, आणि ती सळी जांभ्याच्या कोरड्या खडकात हातभर गेलेली. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि मार्चपर्यंत ठणठणीत वाळतो, वीज जिरवायला तो कामाचा नाही. वायरमन बोलावला, विहिरीच्या बाजूला ओल असते तिथे खड्डा खणला, मीठ-कोळशाचे थर देऊन नवी प्लेट पुरली. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर धरला तेव्हा काटा जेमतेम दोन व्होल्टवर होता. या कामाला प्रोसेसरच्या निम्मे पैसे लागले. आमच्या भागांच्या यादीत ते कुठेच नव्हते. बहिणीच्या वॉशिंग मशीनलाही इतकी वर्षं झिणझिण्या येत होत्या, त्याही गेल्या, तेव्हा तिने खर्चाबद्दल बोलणं सोडलं.

त्या शिमग्यात टाइमलाइन लोण्यासारखी सरकली. क्विक सिंकचं बोलणं भाचा आता मित्रांना माझ्यापेक्षा चांगलं समजावतो.

पावसाळ्याची एक रीत मात्र घालून द्यावी लागली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत कामं नसतात. तेव्हा बहीण मायेने मशीनवर प्लास्टिक पांघरायची. पांघरूण घातलं की ओल आत कोंडते. ते काढायला लावलं आणि काम असो नसो, रोज तासभर मशीन चालू ठेवायचं ठरलं. ऊब हाच इथला सगळ्यात स्वस्त उपाय. गडगडाट सुरू झाला की मात्र प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. रॅमची सोनेरी टोकं वर्षातून एकदा पांढऱ्या खोडरबरने पुसायची, ही माझ्या दुकानाची जुनी सवय, ती त्याने उचलली.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्याला प्रोसेसर बदलायची हुक्की आली. त्याच सॉकेटात चौदाव्या पिढीचा बसतो, बायोस अपडेट केला की झालं. त्याच सुमारास तेराव्या-चौदाव्या पिढीतले जोरकस प्रोसेसर जास्त व्होल्टेज ओढून बिघडतायत अशी बोंब उठली, जुलैत इंटेलने ते मान्य केलं आणि मग वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मी म्हटलं, थांब जरा. तो थांबला, आणि थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं की अडतंय ते दुसरीकडेच. तीन शिमग्यांचं फुटेज एका जुन्या हार्डडिस्कवर आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. आता मोठ्या डिस्क घ्यायच्या आहेत, दोन. एक मिऱ्याला राहील आणि दुसरी माझ्याकडे शहरात, समुद्रापासून जरा लांब, कपाटात.