चाळिसांपैकी एकोणचाळीस

कोच म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूर्ती उभी राहते. गळ्यात शिट्टी, हातात सेकंदाचे घड्याळ आणि जिभेवर दुसऱ्याला द्यायचा दम. माझ्याही डोळ्यांपुढे वर्षानुवर्षे तीच होती. पुढे निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी मी एका अमेरिकन गृहस्थाविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि ती मूर्ती हळूहळू बदलली.

या गृहस्थांचे नाव एड टेंपल. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी, कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या सरकारी कॉलेजात ते शिकले. १९५० साली पदवी हातात पडते न पडते तोच तिथल्याच मुलींच्या धावण्याच्या संघाचा भार त्यांच्या अंगावर आला. पगार महिना दीडशे डॉलर, आणि तेवढ्यात कॉलेजचे टपालही सांभाळायचे! धावण्याची जागा म्हणाल तर कच्च्या मातीची, रेघासुद्धा न आखलेली. टेंपल पदरचे पैसे घालून त्या स्वतः आखीत. संघाचे नाव तेवढे झोकदार होते : टायगरबेल्स. वाघीण आणि रूपवती एकाच शब्दात बसवलेल्या.

शर्यतींना जायचे तर मोटारीने. पण तो काळ अमेरिकेच्या दक्षिणेत उघड वर्णभेदाचा होता. वाटेतल्या गोऱ्यांच्या खानावळीत या मुलींना जेवण मिळत नसे. पेट्रोल भरायला पैसे चालत, पण पंपावरच्या स्वच्छतागृहाचे दार बंद असे. शिदोरी बांधून घ्यायची आणि वेळ आलीच तर एखाद्या शेताच्या कडेला मोटार थांबवायची. इतके सोसून पोहोचलेल्या मुलीला पुन्हा टेंपलसाहेबांची शिस्त होतीच. शर्यत संपली की आधी केस सारखे करायचे, मग छायाचित्रकारापुढे उभे राहायचे. हे मला काही फारसे पटत नाही. धापा टाकणाऱ्या मुलीने टापटिपीची फिकीर का करावी? पण मैदानावर गेलेली मुलगी पुरुषी होते, हा प्रवाद तेव्हा तिथेही होता, आणि लोकांचे तोंड बंद करण्याचा त्यांचा हा मार्ग होता.

त्यांच्या मुलींपैकी विल्मा रुडॉल्फचे नाव जगाला ठाऊक आहे. क्लार्क्सव्हिल गावच्या बावीस भावंडांच्या घरातली ही विसावी. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. आई तिला बसने पन्नास मैलांवर नॅशव्हिलच्या इस्पितळात नेई आणि घरी भावंडे आळीपाळीने पाय चोळीत. त्या पायाला कित्येक वर्षे लोखंडी आधार होता. तो सुटल्यावर पोरगी बास्केटबॉल खेळू लागली आणि एका सामन्यात पंच म्हणून उभे होते टेंपल. चेंडूपेक्षा त्यांचे लक्ष तिच्या पायांकडेच अधिक गेले असावे. शाळकरी मुलींसाठी ते कॉलेजात उन्हाळी सराव चालवीत, त्यात त्यांनी तिला घेतले. सोळाव्या वर्षी, १९५६ साली, तिने मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रिलेचे कांस्यपदक मिळवले.

आणि १९५८ साली, लग्नाआधीच, विल्मा आई झाली. वाचकहो, आपण क्षणभर आपापल्या घरात डोकावून पाहावे. अशा मुलीला कोणी पुन्हा कॉलेजात पाठवील काय, आणि कोणता कोच तिला संघात घेईल? टेंपल यांचा नियम तर उघड होता : मूल असलेली मुलगी संघात नको. त्यांनी तो नियम विल्मासाठी मोडला. बाळ नातलगांनी सांभाळले, विल्मा कॉलेजात आली.

लाड मात्र नव्हते. सरावाला जितकी मिनिटे उशीर तितक्या फेऱ्या जास्त. एकदा विल्मा अर्धा तास उशिरा आली, तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी हजर! खेळाची शिष्यवृत्ती या मुलींना नव्हती. रोज दोन तास कॉलेजात काम करून त्या शिक्षणाचा खर्च भागवीत.

१९६० साली रोममध्ये विल्माने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. रिलेच्या चौघीही टेंपल यांच्याच कॉलेजच्या, आणि अमेरिकेच्या महिला संघाचे कोचही तेच. गावाने मिरवणूक काढायचे ठरवले. गोरे आणि काळे वेगवेगळे बसणार असतील तर मी येणार नाही, असे विल्माने कळवले. क्लार्क्सव्हिलमध्ये सगळे एकत्र आले असा तो पहिला समारंभ. पुढे वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोनदा १०० मीटरची शर्यत जिंकली. तसे तोवर ना पुरुषाला जमले होते ना बाईला.

टेंपल १९९४ साली निवृत्त झाले आणि २०१६ साली वारले. त्यांच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या, त्यांनी तेवीस पदके आणली, त्यांतली तेरा सोन्याची. परंतु माझ्या वहीत मी अधोरेखित केला आहे तो आकडा वेगळाच. त्या चाळिसांपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी घेतली. त्या काळी ऑलिंपिकच्या खेळाडूला धावण्याचे पैसे घेण्याची मनाई होती. पदकाने पोट भरत नव्हते आणि पाय तर आज ना उद्या थकणारच. विल्माने १९६२ मध्ये धावणे सोडले, १९६३ मध्ये पदवी घेतली आणि गावी परतून ती शिक्षिका झाली.

हे सारे मला गेल्या उन्हाळ्यात उपयोगी पडले. आमची नात अकरावीत आहे, ४०० मीटर धावते. मे महिन्यात पुण्याला महिनाभराचे शिबिर होते आणि त्याच महिन्यात बारावीच्या क्लासचे पहिले सत्र. घरात आठवडाभर अबोला. नात खोलीत, सूनबाई स्वयंपाकघरात आणि चिरंजीव वर्तमानपत्राआड. शेवटी तिच्या कोच मॅडम स्वतःच घरी आल्या. मी एकोणचाळिसाचा आकडा पुढे करणार इतक्यात त्यांनी नातीचे गुणपत्रक मागितले. गणितावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे असे नाही चालायचे."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, सकाळी पळून आल्यावर मुली अभ्यासाला बसतात कुठे?"

"माझ्या खोलीत. दुपारी दोन ते पाच. फोन माझ्याकडे असतात."

"आणि जेवण?"

त्यानंतर भाकरी, उसळ आणि दुधावर जी चर्चा सुरू झाली तिच्यात मला किंवा टेंपलसाहेबांना कोणी विचारले नाही. चिरंजीव मात्र वर्तमानपत्र बाजूला ठेवून पुण्याच्या गाड्यांच्या वेळा पाहू लागले होते.