एका सुराची खरेदी

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय पाहून यावे, ह्याचे आपल्याकडे काही संकेत ठरलेले आहेत. राजवाड्यासमोरचा पहारा पाहावा, टेम्सवरून बोटीने फिरावे, संग्रहालयात आपल्याच देशातून तिकडे गेलेल्या एखाद्या मूर्तीपुढे उभे राहून हळहळावे आणि परत आल्यावर थंडीच्या गोष्टी सांगाव्यात. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा ह्यांतले फारसे काही घडले नाही. माझे लंडन दर्शन झाले ते एका सुराच्या खरेदीपायी, आणि मला तिथे नेणारे होते माझे मामा.

मामांचे वय सत्त्याहत्तर. १९७२ साली ते विलायतेला गेले, नोकरी केली, मुलीला वाढवले, हॅरो ह्या उपनगरात घर केले. त्याआधीचे सारे आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेले. तिथे शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओवर, सिलोन केंद्रावरून, त्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षी ‘अपाचे’ नावाची एक धून ऐकली. शब्द नाहीत, गाणारा नाही, फक्त गिटार. घोड्यांच्या टापांसारखा ठेका आणि त्यावर दरीतून घुमत आल्यासारखा तो एकाकी सूर. वाजवणारा वाद्यमेळ इंग्लंडचा, नाव ‘द शॅडोज’. तो सूर मामांच्या कानातून पुढे कधी गेलाच नाही. मुलीसाठी आणलेल्या साध्या पोकळ गिटारवर त्यांनी ती धून बसवलीही. पण त्या गिटारमधून तो आवाज येणे शक्य नव्हते, आणि विजेची गिटार घेण्याइतके पैसे नेहमीच दुसऱ्या कशाला तरी लागत होते.

मामी गेल्याला आता दोन वर्षे झाली. त्यातच मामांच्या बोटांच्या सांध्यांना संधिवाताने धरले. “डॉक्टर म्हणाला, बोटं आहेत तोवर वापरून घ्या,” मामांनी मला पहिल्याच रात्री सांगितले. “सहाशे पौंड बाजूला काढलेत. तेवढ्यात तो आवाज एकदा माझ्या हातून निघाला पाहिजे. तू मराठीचा प्राध्यापक, तुला ह्यातलं काही कळत नाही, म्हणूनच बरोबर चल. नाही तर मी वाहवत जाईन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डेन्मार्क स्ट्रीटला गेलो. चेरिंग क्रॉस रोडवरून आत वळणारी ही एक आखूड गल्ली. सतराव्या शतकाच्या अखेरीस वसलेली, काही घरे अजून त्या काळची. एकेकाळी सगळ्या इंग्लंडची गाणी ह्या गल्लीतून छापून निघत. ‘मेलडी मेकर’ हे पत्र १९२६ मध्ये इथेच सुरू झाले. चार नंबरच्या घरातल्या छोट्या ध्वनिमुद्रणशाळेत रोलिंग स्टोन्सने १९६४ ची आपली पहिली तबकडी मुद्रित केली. आज तिथे गिटारींचे दुकान आहे. आता गल्लीच्या तोंडाशी उंच, चकचकीत इमारती आल्या आहेत. पण आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांची आळी असते तशी ही अजूनही गिटारींची आळी आहे.

एका दुकानाच्या काचेमागे ती टांगली होती: फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, लालभडक. किंमत चार आकडी. मामा तिच्यापुढे असे उभे राहिले की मला उगाच पंढरपूर आठवले.

शॅडोजचा मुख्य वादक हँक मार्विन. जाड चष्म्याचा, न्यूकॅसलचा पोरगा. १९५८ मध्ये ब्रूस वेल्च ह्या मित्राबरोबर तो लंडनला आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. महायुद्धानंतर कितीतरी वर्षे इंग्लंडमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. ते उठता उठता, १९५९ मध्ये, क्लिफ रिचर्ड ह्या गायकाने हँकसाठी अमेरिकेहून एक लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली. (हा क्लिफ जन्माने लखनौचा, १९४० चा.) तिच्या निवडीची कथा मोठी गमतीची आहे. हँकला आवडणारा अमेरिकन वादक जेम्स बर्टन फेंडर वाजवतो, एवढेच ह्या मंडळींना ठाऊक होते. मग तो सर्वांत भारी नमुनाच वाजवत असणार, असे समजून त्यांनी माहितीपत्रकातली सर्वांत झोकदार गिटार मागवली. बर्टन वाजवत होता दुसरीच, साधी टेलिकास्टर!

“म्हणजे मामा,” मी म्हणालो, “मूळ गिटारच अंदाजाने आलेली. मग आपण एवढं अडून का बसायचं?”

मामांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले आणि आम्ही आत गेलो.

दुकानातला तरुण मोठा समंजस निघाला. दंडभर गोंदलेले, पण बोलणे एखाद्या जुन्या वैद्यासारखे. त्याने फेंडरच्याच ‘स्क्वायर’ ह्या स्वस्त नावाखाली निघणारी, इंडोनेशियात बनलेली एक वापरलेली गिटार काढून दिली. किंमत एकशे पंच्याण्णव पौंड. त्याने सांगितलेली तत्त्वे मी टिपून घेतली. लाकूड कोणते, नाव कोणाचे, ह्यांवर ह्या आवाजात फारसे अडत नाही. पाहायचे ते असे: तारांखाली आवाज टिपणाऱ्या तीन अरुंद पट्ट्या असाव्यात, त्यांतली घोडीजवळची चालू करून वाजवावे, आणि सूर हलवण्याची दांडी असावी, ती दाबून सोडल्यावर तारा पुन्हा सुरात याव्यात. ही दांडी म्हणजेच हँकची मींड. तो सूर छेडतानाच ती तळहातात धरून ठेवतो आणि लांबलेल्या सुराला हलके आंदोलन देतो.

तारांपाशी मात्र घोडे अडले. त्या काळच्या तारा जाड असत; तिसरी तारसुद्धा आजच्यासारखी उघडी नसून गुंडाळलेली असे. सुराला ते भरीव अंग त्यामुळेच येते. पण जाड तारा दाबायला बोटांत बळ लागते. मामांनी एकदा दाबून पाहिले आणि काही न बोलता हात मांडीवर ठेवला.

तो तरुण क्षणभर थांबला. मग म्हणाला, तारा जाडच ठेवा, फक्त सगळ्या अर्धा सूर उतरवून लावा; ताण कमी होईल, बोटांना जड जाणार नाही. साथीची मुद्रित धून तेवढीच उतरवणे आज अगदी सोपे आहे. मला हे फार पटले. आपल्याकडे वय झालेला गवई पट्टी उतरवतोच की! त्याने गाणे काही उतरत नाही. तारांचे दहा पौंड झाले.

आता प्रतिध्वनी. हाच ह्या सुराचा खरा आत्मा. ‘अपाचे’च्या वेळी हँकजवळ इटलीतल्या मेआझ्झी कंपनीची एक पेटी होती, तीही जो ब्राऊन ह्या वादकाकडून मिळालेली. अशा पेटीत चुंबकीय फीत फिरत राहते. एका टोकाला सूर तिच्यावर उमटतो आणि पुढे ओळीने बसवलेली वाचक-शीर्षे तो थोड्या थोड्या अंतराने पुन्हा उच्चारतात. साधे प्रतिध्वनियंत्र म्हणजे कीर्तनकारामागे एकच टाळकरी. ही पेटी म्हणजे दिंडीतली टाळकऱ्यांची रांग. प्रत्येकाचा टाळ किंचित मागून, किंचित हलका. घोड्यांच्या टापांचा भास होतो तो बराचसा ह्या रांगेमुळे. जुन्या पेट्या आता संग्राहकांच्या भावाने जातात. पण तेच काम करणारी, पायाने दाबायची एक लहानशी डबी नव्वद पौंडांत मिळाली. घेताना एवढेच तपासायचे की ती अनेक शीर्षांची नक्कल करते ना.

तिथून पायीच आम्ही सोहोमध्ये, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर गेलो. एकोणसाठ नंबरच्या घराच्या भिंतीवर एक पाटी आहे. इथे ‘टू आइज’ नावाचे कॉफीगृह होते. त्याच्या तळघरात न्यूकॅसलची ती दोन पोरे वाजवायला येत आणि तिथूनच ती क्लिफच्या साथीला गेली. कॉफीगृहाच्या नावातले दोन ‘आय’ म्हणजे आधीचे मालक असलेले इराणी बंधू! गिरगावच्या माणसाला इराणी हॉटेलाचे महत्त्व काय सांगावे? मामा त्या पाटीखाली उभे राहून इतके खुलले की येणारे-जाणारे बघू लागले. “अरे, म्हणजे हे सगळं इराण्याच्याच हॉटेलात सुरू झालं होय!”

राहिला अँप्लिफायर. शॅडोजचा म्हणून प्रसिद्ध आहे तो व्हॉक्स कंपनीचा तीस वॅटचा ए.सी. थर्टी. पण जून १९६० मध्ये अ‍ॅबी रोडच्या ध्वनिमुद्रणशाळेत ‘अपाचे’ वाजवताना हँकसमोर होता तो त्याचा धाकटा भाऊ, पंधरा वॅटचा. मोठा आला तो मोठ्या नाट्यगृहांत पोरींच्या किंकाळ्यांवर आवाज चढेना म्हणून. मामांच्या बैठकीत किंकाळ्यांची भीती नव्हती. तेव्हा स्वस्त तेच अस्सल, असा दुर्मीळ योग इथे जुळून आला.

असा एक वापरलेला, नव्या बनावटीचा अँप्लिफायर तीनशे पौंडांत मिळत होता, तोही व्हॉक्सच्या जन्मगावी, केंट परगण्यातल्या डार्टफर्डला. टॉम जेनिंग्ज ह्या व्यापाऱ्याने आणि डिक डेनी ह्या कारागिराने व्हॉक्सचे अँप्लिफायर इथेच जन्माला घातले. गाव तसे साधेच. स्टेशनच्या दोन नंबरच्या फलाटावर मात्र एक पाटी आहे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स १९६१ मध्ये ह्या स्टेशनात भेटले आणि त्यातून रोलिंग स्टोन्स उभे राहिले.

विकणाऱ्या गृहस्थांनी यंत्र चालू केले. आतले व्हॉल्व्ह आपल्या जुन्या रेडिओसारखे हळूहळू तापले आणि मगच आवाज आला. मामांनी बटणे वाढवून आवाज फाटेपर्यंत पाहिला, मग पुन्हा मागे घेतला. शॅडोजचा सूर स्वच्छ असतो. फाटायच्या अलीकडे थांबणे ही त्याची मर्यादा आणि तेच त्याचे सौंदर्य. ह्या यंत्राचे वजन बावीस किलो. विमानातल्या एका बॅगेएवढे! ते डार्टफर्डहून हॅरोपर्यंत, दोन गाड्या बदलून, कोणी आणले हे सांगण्याची गरज नाही. एकूण खर्च पाचशे पंच्याण्णव पौंड.

तुमच्या घरी कोणा मुलाला किंवा म्हाताऱ्याला असा छंद लागला, तर त्याला माझा एवढाच निरोप द्या. गिटारीच्या नावावर पैसे घालू नका. प्रतिध्वनी आणि स्वच्छ आवाज ह्यांत मात्र काटकसर करू नका. आणि मूळ मंडळींनीही मिळेल ते जुळवूनच हा सूर घडवला हे विसरू नका. ती धूनसुद्धा जेरी लॉर्डन ह्या तिच्या रचनाकाराने त्यांना प्रथम ऐकवली ती चार तारांच्या युकेलेलेवर!

त्या संध्याकाळी मामांनी ‘अपाचे’ लावली, अर्धा सूर उतरवून. पहिली ओळ आली. तोच आवाज. दुसऱ्या ओळीत अनामिका अडली आणि सूर मध्येच तुटला. पण प्रतिध्वनी थांबला नाही. तुटलेला सूर तीन-चार वेळा हलका होत भिंतीपर्यंत गेला. मामा तो संपेपर्यंत ऐकत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.”

रात्री अकरापर्यंत ते वाजवत होते. धून अखेरपर्यंत एकदाच गेली, पण गेली.