तळोद्याची निळी बाटली

तळोद्याला जायचे म्हणजे आधी नंदुरबारच्या मिरच्यांना मुजरा करावा लागतो. पथारींवर वाळत पडलेल्या लाल मिरच्यांचा ठसका बसला, की अनोळखी प्रवासीसुद्धा एकमेकांच्या साथीने शिंकू लागतात. तापी ओलांडल्यावर मात्र हवा निवळते, सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते, आणि तिच्या पायथ्याशी तळोदा.

मी तिथे पहिल्यांदा गेले १९६४ च्या चैत्रात. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. तेव्हा तळोदा धुळ्यात मोडे. काका जंगलखात्यात होते. पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाची फुले वेचायला निघत, आणि त्या फुलांचा गोड, जड वास ओसरीपर्यंत येई. मावशीच्या फडताळात मात्र भलताच वास कोंडलेला असे. तिथे एक गडद निळी बाटली होती : ‘इव्हिनिंग इन पॅरिस’.

अत्तर मला नवे नव्हते. दिवाळीत अभ्यंगस्नान झाले, की वडील मनगटावर हिन्याचे बोट ओढत. ते दिवसभर एकाच सुरात राही. हे पडले मद्यार्कातले! आधी भुर्रकन काहीतरी उडून जाई, मग व्हायोलेट, जाई, गुलाब असा फुलांचा मेळा जमे, आणि संध्याकाळी पदराला उरे ती व्हॅनिलाची मंद गोडी. एर्नेस्ट बो या जाणकाराने ते १९२८ साली बूर्ज्वा कंपनीसाठी केले. १९२१ चे शनेल नंबर पाच त्याचेच. पण ते धनवंतांचे, हे तुमच्याआमच्या खिशाला झेपणारे. शिवाय गजरा आधी दिसतो, मग दरवळतो. हे फूल दिसतच नसे. मावशी खोलीतून निघून गेल्यावर ते आले होते असे कळे.

१९६७ साली काका गेले. मावशी तिशीची. कुंकू गेले, गजरा गेला, हिरव्या बांगड्या गेल्या. विलायती बाटलीचे काय करावे, हे मात्र कोणत्याच पोथीत लिहिलेले नव्हते. मावशी पदराला एक थेंब लावीतच राहिली. गल्लीत कुजबूज सुरू झाली. शेवटी आजीनेच तोड काढली, “नवऱ्याची आठवण आहे हो, जपते बिचारी!” ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले आणि बाटलीला अभय मिळाले.

पुढे ते सेंट निघायचेच बंद झाले. १९९२ साली ते पुन्हा बाजारात आले. भाच्याने परदेशातून आणलेली तशी एक बाटली घेऊन मी यंदा तळोद्याला गेले. मावशीची नव्वदी जवळ आलेली. तिने झाकण काढून बराच वेळ वास घेतला.

“बरा आहे,” ती म्हणाली. “पण हा दुसरीच्या घरचा.”

मला वाईट वाटले. मी म्हटले, “काकांनी आणलेली ती बाटली आता कुठून मिळणार, मावशी?”

“त्यांनी?” मावशी खुदकन हसली. “अगं, तुझी आई पाठवायची मुंबईहून. पैसे माझ्या शिवणाचे. त्यांना कुठला सोसायला तो वास! मी पदर झटकला, की हे आपले ओसरीवर शिंकत बसायचे.”