वांग्याच्या पानावरचे ठिपके

जळगावात घरामागे दोन वाफ्यांएवढी जागा असली, की भरताच्या वांग्याची चार रोपे तेथे आलीच. आमच्या परसातही ती आहेत. जोडीला लिंबू, कढीपत्ता आणि कुंपणावर चढलेली चवळी. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या वांग्याची गोडी किड्यांनाही आहे. त्यामुळे गेली काही वर्षे आम्ही उभयता सकाळी भिंग व वही घेऊन वाफ्याशी बसतो.

सर्वांत मोठा पेच ढालकिड्यांचा. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दाटला, की पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला चकचकीत ढालकिडा हजर होतो. तो मावा फस्त करतो आणि सुसरीच्या पिलासारखी दिसणारी त्याची अळीही तितकीच खादाड असते. वांग्याच्या पानावर मात्र त्याचाच भाऊबंद बसलेला असतो. तोही अर्धगोल, तोही ठिपकेदार. परंतु ठिपके बहुधा २८, पाठीला चकाकी नाही, आणि भिंगातून पाहिल्यास अंगावर बारीक लव दिसते. हा हिरवा गर खरवडून पानाची जाळी करतो. त्याची अळी पिवळी, अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची. कुळ एकच, एक पीक राखतो, दुसरा खातो.

ही ओळख आम्ही निव्वळ हौसेने करून घेतलेली नाही. घराण्यात कपाशीची शेती. आमचे थोरले जिभाऊ एका भाद्रपदात फवारणी करून परतले ते ओट्यावरच कोसळले. तीन दिवस दवाखान्यात होते. पुढे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती बातमी वाचून जिभाऊंनी वर्तमानपत्राची घडी घातली. बोलले काहीच नाहीत. फवाऱ्याला दोन ढालकिड्यांतला भेद कळत नाही, तो पाहणाऱ्यालाच कळावा लागतो.

लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशी दिसणारी अळी मुलांची विशेष लाडकी. मोठी होताच ती हिरवी होते आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. पुढे तिचेच काळे-पिवळे फुलपाखरू होते. मृगाचा मखमली लाल किडा तर आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या गोतातला. वहीत त्याला आम्ही वेगळे पान दिले आहे.

गेल्या श्रावणात वसतिगृहातील काही मुले परस पाहावयास आली होती. रोज पंचशील म्हणणाऱ्या त्या मुलांपैकी एकीने विचारले, “मग अठ्ठावीस ठिपकेवाल्याचं काय करायचं, आजोबा?” जिभाऊ क्षणभर थांबले. मग त्यांनी किडे पानांसकट टोपलीत घ्यावयास लावले आणि नाल्याकाठच्या रिंगणीकडे बोट दाखविले. रिंगणी वांग्याच्याच कुळातली. दहा मिनिटांची वाट. ऊन चांगलेच चढले होते. मुले टोपली घेऊन निघाली, आणि जिभाऊ काठी टेकीत त्यांच्यामागे.