च्यवनप्राशातल्या फुलांच्या माहेरी

मसुरीला जायचं ते मे महिन्यात, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. पण जमलं तर एकदा श्रावणात जा. डेहराडूनपासून पस्तीसेक किलोमीटरचा घाट आहे. पावसात दरडी कोसळतात, तेव्हा हाताशी एखादा दिवस जास्त ठेवलेला बरा. साडेसहा हजार फुटांवर धुकं थेट खिडकीतून खोलीत येतं आणि धुतलेले कपडे काही वाळत नाहीत! पण या भागातल्या गवताळ उतारांवर आणि बांज वृक्षांच्या सावलीत जमिनीवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किड, याच दिवसांत फुलतात. आपली सीतेची वेणी झाडाच्या फांदीवरून लोंबते. या मात्र मातीतल्या.

त्यांत देखणी ऋद्धी. पांढरं फूल आणि त्याच्या खालच्या पाकळीला दोन्ही बाजूंनी कंगव्याच्या दातांसारखी झालर. तिची बहीण वृद्धी हिरवट-पिवळी. जीवक आणि ऋषभक यांची फुलं तर इतकी बारीक, की पायाशी असून दिसू नयेत. नावं ऐकल्यासारखी वाटतात ना? च्यवनप्राशाच्या संदर्भात ‘अष्टवर्ग’ म्हणतात, त्या आठ वनस्पतींपैकी या चार आमरी आहेत.

हल्ली यांच्या अर्कांना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मोठा भाव आला आहे. चिरलेलं सफरचंद काळं पडतं आणि लिंबू चोळलं की पडत नाही, हे आपण रोज पाहतो. तसलाच हा गुण. प्रयोगशाळेत एका जांभळ्या द्रावणात अर्क घालतात. जांभळा रंग जाऊन पिवळा आला, की गुण आहे म्हणायचं. या आमरींच्या अर्कांनी ती परीक्षा दिली आहे. पण ती काचेच्या नळीतली परीक्षा, बरं का! पोटात गेल्यावर तेवढाच उपयोग होईल, असं त्यावरून ठरत नाही.

आणि औषधाला लागतो तो कंद. म्हणजे मुळा उपटावा तसं रोपच उपटायचं. बी पेरून पुन्हा उगवेल म्हणावं, तर आमरीचं बी धुळीसारखं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. अशा खणण्यानं या जाती दुर्मीळ होत चालल्या आहेत.

गंमत म्हणजे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथातच म्हटलं आहे, की अष्टवर्ग राजांनासुद्धा मिळणं कठीण, म्हणून बदली वनस्पती घ्या. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद म्हणजे आपला भुईकोहळा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद म्हणजे डुक्करकंद. च्यवनप्राशातला मुख्य माल तर आवळाच; तो आपल्या बाजारात ढिगानं मिळतो. तेव्हा वाटेत कुणी “अस्सल ऋद्धी” म्हणून वाळके कंद पुढे केले, तर खुशाल नको म्हणावं.

फुलं पाहायची तर जुलै-ऑगस्ट गाठायला हवा. पाऊस सरला, की पानं पिवळी पडतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऋद्धी मातीखाली निजून राहते.