पाखराला सर्दी झाली!

नखं वाढवली म्हणून तुम्ही कधी ना कधी बोलणी खाल्ली असतीलच. मला मात्र चांगली मोठी झाल्यावर, नखं कापली म्हणून ऐकून घ्यावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

मी हार्प वाजवते. हार्प म्हणजे एक मोठी तिकोनी चौकट आणि तिच्यात उभ्या ताणलेल्या तारा. माझ्या हार्पला ३४ तारा आहेत. वाजवताना चुकायला नको म्हणून काही लाल, काही काळ्या. देशोदेशीचं लोकसंगीत वाजवणं हा माझा व्यवसाय. 'एका तासात सात देश' अशी माझी जाहिरात असायची!

एकदा मी दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे देशाची एक प्रसिद्ध चाल वाजवली. तिथल्या एका पाखराचा आवाज घंटेसारखा घणघणतो. तीच हाक या चालीत तारांवर काढायची असते. टाळ्या झाल्या. मी खूश! तेवढ्यात पॅराग्वेचे एक आजोबा जवळ आले नि हसत म्हणाले, "छान वाजवलंस, पोरी. पण तुझ्या पाखराला सर्दी झालीय!"

त्यांनी माझ्याच हार्पवर नखांनी चार सूर छेडले. टण्ण! खरंच घंटा वाजली. मी आपली नखं कापून, बोटांच्या पेरांनी वाजवत होते. आयर्लंडची गाणी मी तशीच शिकले होते ना!

घरी येऊन पुस्तकं काढली. तर काय, आयर्लंडमध्येही पूर्वी पितळी तारांवर नखांनीच वाजवत! १७९२ साली बेलफास्टला जुने वादक जमले, तेव्हा १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्यांच्या चाली लिहून घेतल्या. त्या १० आयरिश वादकांत नखांनी वाजवणारे एकच उरले होते, नव्वदी ओलांडलेले अंध डेनिस हेम्पसन. बंटिंगमुळे चाली वाचल्या. पण नखं कागदावर कशी उतरणार?

मग मी 'सात देश' बंद केले. आता सहा महिने नखं वाढवते, तेव्हा पॅराग्वे. मग कापते, तेव्हा आयर्लंड. कार्यक्रम निम्मे झाले, पैसेही. कधी कधी वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

ते आजोबा पुन्हा भेटले नाहीत. भेटले तर वाजवून दाखवीन आणि विचारीन, "आता तरी बरं आहे ना पाखराला?"