'नको'चे व्याकरण

स्पॅनिश भाषेत 'कर' म्हणणे सोपे आहे. खरी कसोटी 'करू नकोस' म्हणताना लागते. माझा नातू माद्रिदला वाढतो आहे. मराठी त्याला थोडीफार समजते, परंतु त्याचा खेळ, हट्ट आणि रुसवा सारे स्पॅनिशमध्येच चालते. म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ही भाषा शिकायला घेतली. लहान मुलाशी बोलायचे, तर आज्ञार्थावाचून गत्यंतर नाही आणि त्यातही नकारच अधिक!

'सांग' म्हणजे 'दी', 'कर' म्हणजे 'आथ', 'ये' म्हणजे 'बेन'. किती सुटसुटीत! पण त्यांच्याआधी नुसते 'नो' ठेवून भागत नाही. 'सांगू नकोस' होते 'नो दिगास', 'करू नकोस' होते 'नो आगास', 'येऊ नकोस' होते 'नो बेंगास'. जमाखर्चात आयुष्य गेलेला माणूस अशा वेळी मूळ नोंद शोधतो. ती निघाली 'मी'च्या खात्यावर : मी सांगतो 'दिगो', मी करतो 'आगो', मी येतो 'बेंगो'. शेवटचा 'ओ' वजा करून 'आस' जमा केला की हिशेब जुळतो. मात्र 'जाणे' आणि 'असणे' या नियमात बसत नाहीत. 'मी जातो' हे 'बोय', तरी नकार 'नो बायास'. 'मी आहे' हे 'सोय', तरी नकार 'नो सेआस'. ही रूपे पाठच करावी लागतात.

वास्तविक ही आज्ञेची रूपेच नव्हेत. इच्छा, शंका, विनंती व्यक्त करणाऱ्या वेगळ्या अर्थाची ती रूपे. नकारासाठी स्पॅनिशने ती उसनी घेतली आहेत. हिंदीत 'मत जा' म्हणताना 'जा' तसाच राहतो. आपण मात्र 'जाऊ नकोस' म्हणतो. क्रियापदाने नकारापुढे रूप बदलावे, हे मराठी माणसाला नवे वाटू नये.

सर्वनामेही जागा सोडतात. 'मला ते सांग' हे 'दीमेलो', एकच शब्द. नकारात तेच सुटे होऊन क्रियापदाच्या पुढे सरकतात : 'नो मे लो दिगास'.

आदरार्थी 'नो से बाया' असेही रूप आहे. आमच्या लहानपणी आजोबांना 'अहो' होते. नातू मला 'तू'च म्हणतो. परवा फोन ठेवताना तो म्हणाला, 'नो ते बायास, आबा.' जाऊ नकोस. मी आणखी अर्धा तास बसलो.